‘नीस’ची बिरादरी

आठवीच्या वर्गात मराठीचा तास चालू होता. फळ्यावर ‘सरचिटणीस’ लिहिलं आणि एका मुलाला म्हटलं, हाच शब्द उर्दू लिपीत लिही. तो ‘चिट’पर्यंत आला आणि अडला. उर्दूत ‘ण’ नाहीच. शेवटी त्याने ‘नून’ लावून काम भागवलं.

गंमत अशी, की ज्या ‘ण’वर तो अडला त्याच्यामागचा शब्द फारसीच आहे. नविश्तन म्हणजे लिहिणं, नवीस म्हणजे लिहिणारा. उर्दूत खुशनवीस, अफसानानवीस आजही चालतात. तहसील कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस मराठीतही आहे. बाकी ठिकाणी मात्र मराठी जिभेने मधला ‘व’ गिळला आणि नवीसचा नीस झाला.

मग या नीसांची सगळी बिरादरीच उभी राहते. वाकनीस घडलेल्या वाकयांची, म्हणजे घटनांची नोंद ठेवी. चिटणीस पत्रं लिही. यातली चिठ्ठी इथली, नवीस इराणचा. पोतनीस खजिन्याच्या रोकडीचा हिशेब पाही, पारसनीस फारसी पत्रव्यवहार सांभाळी. किल्ल्यावर हवालदाराच्या जोडीला सबनीस असे. फडणीसातला ‘फड’ काहीजण फारसी फर्द म्हणजे यादी मानतात, काहीजण आपला मराठी फड. दोन्ही पटण्यासारखे आहेत. नाना फडणवीसांचं मूळ आडनाव भानू, ते आज किती जणांना आठवतं? हुद्द्याने आडनाव खाऊन टाकलं.

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी हुद्द्यांना संस्कृत नावं दिली. वाकनीसाचा मंत्री झाला, सुरनीसाचा सचिव, मुजुमदाराचा अमात्य, पेशव्याचा पंतप्रधान. रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोशही तयार झाला. माझे काही मित्र हा कोश फारसीविरुद्धच्या फतव्यासारखा दाखवतात. मला ते पटत नाही. नव्या राज्याला स्वतःची भाषा हवी होती, ती त्याने घडवली. पण त्याच दरबारात बाळाजी आवजी चिटणीसच राहिले, आणि पुढे पुण्यात पेशवे व फडणवीस याच नावांनी कारभार चालला. आज मंत्रालयात सचिव बसतात, पक्षाच्या कार्यालयात सरचिटणीस. दोघांचंही बरं चाललंय.

परवा पेणच्या बाजारात एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, “गुरुजी, तुमचं मराठी छान आहे हो, उर्दूवाले असूनही.” चांगल्या मनाने म्हणाले. त्यांचं आडनाव या बिरादरीतलंच होतं. सांगावंसं वाटलं, पण गडबची एसटी आली आणि राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांना हजेरीपटातली आडनावं शोधायला लावली. एकाने लगेच हात वर केला. “सर, हजेरी कुठला शब्द?”