बिल्ला नको, सदस्यत्व द्या

अमेरिकन सिनेमातली सोरॉरिटी म्हणजे मोठा बंगला, पार्ट्या आणि नाक वर करून चालणाऱ्या मुली. अशा सुरुवातीच्या संघटनांपैकी एक चक्क बिल्ल्याच्या वादातून निघाली, हे मला फार उशिरा कळलं.

इंडियाना राज्यात ग्रीनकॅसल नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या इंडियाना ॲस्बरी विद्यापीठाने (आजचं डीपॉ) १८६७ मध्ये मुलींना प्रवेश दिला. पहिल्या मोजक्या मुलींमध्ये बेटी लॉक होती, गणिताच्या प्राध्यापकांची मुलगी. वर्गात बसायला मिळालं, पण कॉलेजचं खरं राजकारण, मैत्री, ओळखी हे सगळं फ्रॅटर्निटीत चालायचं. ग्रीक अक्षरांचं नाव, गुप्त शपथ, छातीवर बिल्ला. आणि सगळे मुलगे.

फाय गॅमा डेल्टाच्या मुलांनी बेटीला आपला बिल्ला लावायला सांगितलं. सदस्य म्हणून नाही, नुसती शोभा म्हणून. ती म्हणाली, शपथ देऊन रीतसर आत घेणार असाल तरच लावते. मुलांनी बराच खल केला आणि शेवटी तिला केक ठेवायची चांदीची टोपली भेट दिली. हक्क मागितला, हाती भांडं आलं! आपल्याकडच्या आहेरांची आठवण झाली.

मग तिने ॲलिस ॲलनला सोबत घेऊन स्वतःचीच संघटना काढली. बेटी टिप्टन आणि हॅना फिच आल्या, झाल्या चार. २७ जानेवारी १८७० ला कप्पा अल्फा थीटा सुरू झाली. मार्चमध्ये चौघी स्वतःचे बिल्ले लावून कॉलेजच्या प्रार्थनेला गेल्या.

नाव, घटना, शपथ, बिल्ला, सगळा साचा मुलांचाच. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत हा सरळ फोर्क. मला ती नक्कल हुशारीची वाटते. 'महिला मंडळ' काढलं असतं तर सगळ्यांनी कौतुकाने मान डोलावली असती आणि विषय संपला असता. त्या स्वतःला फ्रॅटर्निटीच म्हणवत. 'सोरॉरिटी' हा शब्द तर १८८२ मध्ये सिरॅक्यूजला लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॉली यांनी गॅमा फाय बीटाच्या मुलींना सुचवला.

पण साचा उचलला की त्यातलं कुंपणही सोबत येतं. कोणाला आत घ्यायचं हे आतल्यांनीच ठरवायचं, हा नियम तसाच राहिला. पुढे गोऱ्या सोरॉरिटींची दारं कृष्णवर्णीय मुलींसाठी बंदच असायची.

ग्रीनकॅसलहून गाडीने तासाभरावर इंडियानापोलिस आहे. तिथे १२ नोव्हेंबर १९२२ ला, इंडियानात कु क्लक्स क्लॅन जोरात असताना, सात कृष्णवर्णीय शिक्षिकांनी सिग्मा गॅमा ऱ्हो काढली. पुन्हा ग्रीक अक्षरं, पुन्हा स्वतःचा बिल्ला. बहुसंख्य गोऱ्या बटलर विद्यापीठातल्या त्यांच्या शाखेला सनद मिळाली ती ३० डिसेंबर १९२९ ला, म्हणजे सात वर्षांनी.