म्हातारपण आलं कुठून?

केळशीच्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वाळूत खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा ढुंकूनही बघत नाही. थोडं उत्तरेला, वेळासला, भाऊ काटदरे यांच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये ही अंडी राखायला सुरुवात केली, म्हणून निदान आपल्याला हे सगळं माहीत तरी झालं. एरवी कोल्हे-कुत्री, मग खेकडे, कावळे, मग मासे. हजारातलं एखादंच पिल्लू मोठं होतं असं धरतात. पण जे वाचतं ते कवच पाठीवर घेऊन कित्येक दशकं जगतं.

आणि वर गावात? कोकणातल्या कुठल्याही गावासारखंच. तरुण मंडळी मुंबई-पुण्याला, घरात गुडघे धरून बसलेले आजी-आजोबा. आता प्रश्न असा, की हे गुडघे दुखायला लागतातच का? एका पेशीपासून अख्खं शरीर उभं करणं हे केवढं अवघड काम! ते जमतं, आणि झालेल्या शरीराची नुसती देखभाल जमत नाही? ही विसंगती जॉर्ज विल्यम्स या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये नेमकी पकडली. पण त्याच्याकडे येण्याआधी थोडं मागे जाऊ.

१८८१ मध्ये ऑगस्ट वाइसमन या जर्मन शास्त्रज्ञाने एक उत्तर दिलं होतं. आपल्या घरी म्हणतात तेच: पिकलं पान गळायचंच, नव्या पालवीला जागा नको का? म्हणजे जातीच्या भल्यासाठी व्यक्तीने मरायचं. ऐकायला छान वाटतं, पण तर्कात भोक आहे. जुनी व्यक्ती झिजलेली म्हणून तिने जागा सोडावी, पण ती झिजते का, हाच तर प्रश्न होता! शिवाय अशा त्यागी कळपात एखादा न झिजणारा लबाड निघाला, तर त्याचीच पिल्लं जास्त होणार. त्यागी मंडळी काही पिढ्यांत संपली.

खरा धागा सापडला जे. बी. एस. हाल्डेन यांना. (हेच ते, जे १९५७ मध्ये इंग्लंड सोडून भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) हंटिंग्टन्स नावाचा भयंकर आनुवंशिक आजार बहुधा तिशी-चाळिशीनंतर दिसायला लागतो. १९४१ मध्ये हाल्डेन यांनी दाखवलं, की तोवर माणसाला मुलंबाळं झालेली असतात, त्यामुळे निसर्गनिवडीला ते जनुक धड पकडताच येत नाही.

पीटर मेडावर यांनी १९५१ मध्ये लंडनमधल्या व्याख्यानात हाच मुद्दा सगळ्या म्हातारपणाला लावला. आपण तो केळशीला नेऊ. समजा, एक हजार कासवं आहेत जी कधी म्हातारीच होत नाहीत. पण जाळ्यात अडकून, शार्कच्या तोंडी जाऊन दरवर्षी दहा टक्के मरतात. (आकडा माझा, फक्त हिशोबासाठी.) दहा वर्षांनी उरतील साधारण ३४९. वीस वर्षांनी १२२. पन्नास वर्षांनी फक्त ५! आता पन्नासाव्या वर्षी हृदय बंद पाडणारं एखादं जनुक आलं, तर ते हजारात पाच जणांनाच बाधणार, आणि त्यांची बहुतेक अंडी घालून झालेली. निवड त्याला हटवणार कशी? जो सर्व्हर दर महिन्याला रीस्टार्ट होतो, त्यावर शंभराव्या दिवशी येणारा बग कोण शोधत बसतो? तसंच हे. असे बग साठत जातात.

विल्यम्सने त्यापुढे जाऊन म्हटलं, की काही बग मुद्दाम ठेवलेले असतात. आपल्या धंद्यातलं उदाहरण म्हणजे वायटूके. मेमरी महाग होती तेव्हा वर्षाचे दोनच आकडे साठवणं हा शहाणपणाच होता. फायदा रोख, बिल २००० साली. तरुणपणी जास्त पिल्लं देणारं जनुक पुढे सांधे खिळखिळे करत असेल, तरी निवड त्याला हसतहसत पास करते. यातून एक भाकीतही निघतं: बाहेरून येणारा मृत्यू ज्यांना कमी, ते सावकाश झिजतील. कवचवाले, पंखवाले. २०२२ मध्ये प्राणिसंग्रहालयांतल्या कासवांच्या ५२ जातींचा अभ्यास आला. त्यात सुमारे तीन चतुर्थांश जातींमध्ये म्हातारपण फारच मंद किंवा जवळजवळ नाहीच!

मग जीवाणूंचं काय? त्यांच्यात आई कोण आणि मूल कोण? दोन सारखे तुकडे, त्यामुळे म्हातारपण नाही, असंच सगळे धरून चालले होते. पण २००५ मध्ये फ्रान्समध्ये एरिक स्ट्युअर्ट आणि सहकाऱ्यांना दिसलं, की ई. कोलायच्या ज्या अर्ध्यात जुनं टोक जातं तो हळू वाढतो. आणि इथे आपलं पुणं येतं. कर्वे रस्त्यावरच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयातल्या मिलिंद वाटवे आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये गणित मांडलं, की जीवाणूंना म्हातारपण अटळ नाही, तो परिस्थितीनुसार खेळलेला डाव असू शकतो. भावांच्या वाटणीसारखंच बघा ना. एकाला सगळं कर्ज दिलं, तर दुसरा मोकळा होऊन धावत सुटतो. अन्न मुबलक असताना, वेगाची शर्यत असताना हे परवडतं. पण दुष्काळात वेगाला काय चाटायचंय? तिथे कर्ज सारखं वाटून, दुरुस्ती करत, आहे त्या अन्नात जास्तीत जास्त पेशी उभ्या करणं बरं. अशी वाटणी केली की म्हातारं कुणीच होत नाही, किंवा फार उशिरा होतं.

यावर वाद आहेच. २०१० मध्ये हार्वर्डच्या गटाने जुन्या टोकाच्या पेशी शेकडो पिढ्या पाहिल्या आणि वाढीचा वेग काही कमी झालेला दिसला नाही. पुण्याच्या गटाने मग २०११ मध्ये प्रत्यक्ष प्रयोग छापले. कमी अन्नात वाढवलेले जीवाणू खरंच जास्त समसमान विभागले जातात, आणि भरपूर अन्नावर पोसलेल्या वंशांत म्हाताऱ्या किंवा मेलेल्या वाटणाऱ्या पेशी जास्त सापडतात. विषमता कमी तसं उत्पन्न जास्त, हेही जुळलं. विषमता आणि वेग यांचा संबंध मात्र आकड्यांत दिसला नाही, आणि त्यांनी तसं निबंधात लिहूनही टाकलं.