सरहद्दीच्या आडोशाला

इंग्रजी अमलात बालाघाटच्या पठारावरचे, आजच्या धाराशिव जिल्ह्यातले वाशी निजामाच्या मुलखात होते आणि घाटाखालचा बार्शी तालुका इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. बार्शी तालुक्याला तर चहूबाजूंनी निजामाच्या हद्दीनेच वेढलेले होते. इकडे निजामाचा हाली सिक्का चालायचा, तिकडे इंग्रजांचा कलदार. मालाची गाडी हद्दीवर आली की करोडगिरी नाक्यावर जकात भरावी लागे. दोन्हीकडची पोलीस ठाणी निराळी, कचेऱ्या निराळ्या. एका बाजूला गुन्हा करून दुसऱ्या बाजूला गेलेल्या माणसाला धरायचे, तर आधी एका सरकारला दुसऱ्याकडे लिहावे लागे. तेवढ्या वेळात तो माणूस कुठल्या कुठे निघून गेलेला असे.

बंडखोर म्हटले की लोकांना डोंगरातली गुहा आठवते. महाराष्ट्रात अशा कितीतरी कपारी कोणा ना कोणा नाईकाच्या नावाने दाखवल्या जातात. पण एकोणिसाव्या शतकातील बंडांचा माग काढला तर गुहेपेक्षा मोठा आसरा सरहद्दीचा होता, असेच दिसते. गुहेला वेढा घालता येतो. हद्द मात्र शेकडो मैल पसरलेली असते आणि ती ओलांडायला एक रात्र पुरते.

पुरंदरजवळच्या भिवडीचे उमाजी नाईक डिसेंबर १८३१ मध्ये पकडले गेले ते उत्रोळीला, म्हणजे भोर संस्थानात. अकोल्याच्या डोंगरातले राघोजी भांगरे वेष पालटून पंढरपुरापर्यंत पोहोचले आणि तिथे २ जानेवारी १८४८ रोजी इंग्रजांच्या हाती लागले. त्याच वर्षी २ मे रोजी ठाण्याला त्यांना फाशी झाली. वारकरी, गोसावी, बैरागी यांच्या गर्दीत नवख्या माणसाला कोणी नाव-गाव विचारत नसे. त्यामुळे क्षेत्राची ठिकाणे हाही आडोसाच होता.

निजामाच्या हद्दीशी ज्यांचे बंड सर्वांत घट्ट जोडले गेले ते वासुदेव बळवंत फडके. जन्म १८४५ चा, पनवेलजवळच्या शिरढोणचा, आणि नोकरी पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनची गावे ओस पडली, गुरे मेली, माणसे खडी फोडायला दुष्काळी कामांवर गेली. हे सगळे पाहून त्यांनी रामोशी आणि इतर तरुण गोळा केले. फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूरकडच्या धामारीवर पहिला छापा पडला. लूट सैन्य उभारण्यासाठी हवी होती, पण साथीदारांचे लक्ष वाटणीवरच राहिले. खिन्न होऊन फडके एप्रिलमध्ये निजामाच्या राज्याच्या दक्षिणेला श्रीशैलला मल्लिकार्जुनाच्या पायाशी गेले आणि तिथे त्यांनी आपले आत्मवृत्त लिहिले. मे महिन्यात त्यांचे रामोशी सरदार दौलतराव नाईक यांनी कोकणात पळस्पे आणि चिखली लुटली, आणि लगेचच ते इंग्रजांच्या गोळीला बळी पडले. याच सुमारास पुण्यात विश्रामबागवाडा आणि बुधवारवाडा जळाले. त्या आगींत फडक्यांचा हात नव्हता, तरी लोकांनी त्या त्यांच्याच नावावर घातल्या. दंतकथा घडते ती अशी.

अक्कलकोटची कथा त्याहून हळवी आहे. फडके दत्तभक्त होते. स्वामी समर्थांपुढे त्यांनी आपली तलवार ठेवली, स्वामींनी ती उचलून झाडावर ठेवायला लावली आणि वेळ अजून आली नाही असे सुचवले, असे भक्तमंडळी सांगतात. अक्कलकोटही तेव्हा एक संस्थानच होते.

श्रीशैलनंतर फडक्यांनी हैदराबादकडच्या रोहिल्यांशी बोलणी केली. हा मुलूख अशा भाडोत्री फौजेला सरावलेला होता. पेशवाई गेल्यावर काम सुटलेले अरब आणि रोहिले निजामाच्या राज्यात जमले होते. १८५३ मध्ये निजामाने नळदुर्गचा प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात दिला. तिथे डेप्युटी कमिशनर म्हणून आलेल्या मेडोज टेलरलाही बंदोबस्तासाठी बरीच धावपळ करावी लागली. ठगांवरच्या १८३९ मधल्या कादंबरीमुळे त्याचे नाव आधीच गाजले होते. १८६० मध्ये हा प्रदेश पुन्हा निजामाकडे गेला.

फडक्यांच्या मागावर इंग्रजांचा मेजर डॅनियल होता. यावेळी मात्र हद्द उपयोगी पडली नाही, कारण निजामाचा पोलीस अधिकारी अब्दुल हक त्याच्या सोबतीला होता. दोन्ही सरकारे एकत्र आली आणि आडोसा संपला. जुलै १८७९ मध्ये कलादगी जिल्ह्यातल्या देवर नावडगी या भीमाकाठच्या गावी, २० तारखेची रात्र उलटत असताना, देवळात झोपलेले फडके पकडले गेले. अंगात ताप होता. पुण्यातल्या खटल्यात सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्याची झाली, पण अंदमानऐवजी त्यांना अरबस्तानच्या वाळवंटी किनाऱ्यावरच्या एडनला नेण्यात आले. तिथल्या कोठडीचे दार बिजागऱ्यांसकट उखडून ते एकदा निसटलेही. पण त्या ओसाड मुलखात लपवायला ना ओळखीचे गाव होते, ना भाकरी देणारे घर. ते लगेच सापडले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा तिथेच अंत झाला.

वाशीच्या बाजूची हद्द पुढे उलट्या दिशेने कामाला आली. १९४७-४८ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते सोलापूर जिल्ह्यात शिबिरे करून राहात आणि तिथून निजामाच्या हद्दीत शिरून करोडगिरी नाक्यांवर हल्ले करत. निजामाच्या दफ्तरी ते लुटारू होते. सीमेवरच्या गावांना ते आपले वाटत, आणि निजामाच्या पाठीराख्या रझाकारांच्या सुडाची टांगती तलवार असतानाही ही गावे त्यांना पोटाला घालत. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गवर चालून गेली, १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि दोन राज्यांमधली ती रेघ धाराशिव व सोलापूर या जिल्ह्यांमधली साधी हद्द झाली.