नोंदवहीचा अर्थ कोण लावतो?

विमाने न्याहाळणे आणि त्यांच्यावरील क्रमांक वहीत टिपणे हा ब्रिटनमधला जुना छंद. दुसऱ्या महायुद्धात मात्र त्याला कर्तव्याची प्रतिष्ठा लाभली. १९४० च्या हवाई लढाईत किनाऱ्यावरील रडार समुद्राकडे रोखलेले असे. शत्रूची विमाने किनारा ओलांडून आत आली, की ऑब्झर्व्हर कोअरचे स्वयंसेवक केवळ डोळ्यांनी व कानांनी त्यांचा माग घेत. या कामगिरीमुळे १९४१ मध्ये त्या दलास ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. त्याच वर्षी ‘द एरोप्लेन स्पॉटर’ हे नियतकालिकही निघाले.

साठ वर्षांनी चित्र पालटले. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधील कालामाता हवाई तळावर, जनतेसाठी खुल्या असलेल्या दिवशी गेलेल्या १४ छांदिष्टांना (१२ ब्रिटिश, २ डच) हेरगिरीच्या आरोपावरून अटक झाली. अमेरिकेवरील हल्ल्यांना तेव्हा दोनच महिने झाले होते. महिन्याहून अधिक काळ ते कोठडीत राहिले. एप्रिल २००२ मध्ये आठ जणांना तीन, तर सहा जणांना एक वर्षाची शिक्षा झाली. नोव्हेंबर २००२ मध्ये अपिलात सारेच निर्दोष ठरले.

संहितेचा अर्थ वाचकागणिक बदलतो, असे आम्ही वर्गात निर्धास्तपणे शिकवतो. येथेही संहिता तीच होती: क्रमांक, तारीख, स्थळ. एका सत्तेने तीत देशसेवा वाचली, दुसरीने कट. आपल्या वर्गात चुकीच्या वाचनाला फार तर गुण कमी पडतात. कालामात्यात त्याची किंमत लिहिणाऱ्यांनी मोजली.