पंचवीस वर्षांनंतर मंडळाने काय विचारायचे?

हेन्री मॉन्टगोमेरीने १९६३ साली लुईझियाना राज्यात चार्ल्स हर्ट या डेप्युटी शेरीफचा गोळी घालून खून केला, तेव्हा तो १७ वर्षांचा होता. जानेवारी २०१६ मध्ये त्याच्याच खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. अल्पवयात केलेल्या खुनासाठी ज्यांना सरसकट, पॅरोलविना जन्मठेप झाली होती, त्यांच्या शिक्षेचा फेरविचार करणे सर्व राज्यांवर बंधनकारक झाले. मॉन्टगोमेरी पॅरोलला पात्र ठरला. पण २०१८ मध्ये पॅरोल मंडळाने त्याला नकार दिला आणि २०१९ मध्ये पुन्हा दिला. अखेर १७ नोव्हेंबर २०२१ रोजी तो तुरुंगाबाहेर आला, तेव्हा त्याचे वय ७५ होते. आपल्या बाजूने निकाल लागल्यावरही जवळजवळ सहा वर्षे तो आतच राहिला. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर पॅरोलची पात्रता आणि सुटकेची खरी संधी या दोन गोष्टी आधी वेगळ्या कराव्या लागतात.

महाराष्ट्रात पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. घरात कोणी गंभीर आजारी असले, कोणाचा मृत्यू झाला, तर कैदी काही दिवस बाहेर येतो आणि ठरल्या तारखेला कारागृहात पुन्हा हजर होतो. अमेरिकेतला पॅरोल असा नाही. तिथे कैदी शिक्षेचा उरलेला काळ देखरेखीखाली, अटी पाळून, समाजात काढतो. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी व्यवस्था म्हणजे मुदतपूर्व सुटका. त्यामुळे तिथे एखाद्याला ‘पॅरोलविना जन्मठेप’ होते, तेव्हा शवपेटीतूनच बाहेर पडायचे असा त्याचा अर्थ असतो. अशी शिक्षा १४ ते १७ वर्षांच्या मुलांना होत होती. २०१२ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा अल्पवयातील खुनासाठी ही शिक्षा भोगणारे सुमारे अडीच हजार कैदी देशात होते.

न्यायालय या प्रश्नाकडे टप्प्याटप्प्याने आले. २००५ च्या रोपर खटल्यात १८ वर्षांखालील गुन्हेगारांची फाशी रद्द झाली. २०१० च्या ग्रॅहम खटल्यातला मुलगा फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचा होता. त्याने कोणाचा जीव घेतला नव्हता, दरोड्याच्या गुन्ह्यांत तो सापडला होता. फ्लोरिडाने पॅरोलच बंद केला असल्याने त्याची जन्मठेप आपोआप मरेपर्यंतची झाली. खुनाव्यतिरिक्तच्या गुन्ह्यासाठी अल्पवयीनाला अशी शिक्षा देता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. त्याला सोडलेच पाहिजे, असे मात्र म्हटले नाही. परिपक्वता आणि सुधारणा दाखवून सुटका मिळवण्याची अर्थपूर्ण संधी त्याला कधीतरी मिळाली पाहिजे, एवढेच म्हटले. या विषयातले पुढचे सगळे वाद त्या ‘अर्थपूर्ण’ शब्दाभोवती फिरतात. २०१२ च्या मिलर निकालाने खुनाच्या प्रकरणांतही वय न पाहता सक्तीने पॅरोलविना जन्मठेप देणे घटनाबाह्य ठरवले, आणि मॉन्टगोमेरी निकालाने तो नियम जुन्या कैद्यांनाही लागू केला.

या निकालांमागे एक साधे, पण भक्कम निरीक्षण आहे. पौगंडावस्थेत भावनांचा जोर आधी वाढतो. आवर घालण्याची, परिणाम तोलण्याची क्षमता मागून येते आणि विशीच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत घडत राहते. सोबत्यांचा दबाव या वयात सर्वांत जास्त चालतो. आपले घर, वस्ती, बाप बदलणे मुलाच्या हातात नसते. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलेली विभागणी इथे उपयोगी पडते. पौगंडावस्थेत गुन्हे करणाऱ्यांपैकी बहुतेकांचे गुन्हे त्या वयापुरतेच असतात, आणि आयुष्यभर त्याच वाटेवर राहणारे थोडे. मात्र पंधराव्या वर्षी या दोघांतला फरक खात्रीने सांगण्याचे साधन कोणाकडेही नाही.

माझ्या मते या साऱ्या विषयाची किल्ली इथे आहे. शिक्षा सुनावताना न्यायाधीश ‘हा मुलगा कधी सुधारेल का?’ असे विचारतो, तेव्हा तो भाकीत करत असतो. वीस-पंचवीस वर्षांनी मंडळ ‘हा माणूस बदलला का?’ असे विचारते, तेव्हा ते पुरावा तपासू शकते. पहिल्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर नाही, दुसऱ्याला आहे. त्यामुळे पॅरोलची पात्रता ही कैद्यावर केलेली मेहेरबानी नाही. जो प्रश्न निकालाच्या दिवशी सुटू शकत नाही, तो सुटू शकेल अशा दिवसापर्यंत पुढे ढकलण्याची ती रीत आहे. २०२१ च्या जोन्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही दिशा बरीचशी सोडली. मुलगा कायमचा सुधारणेपलीकडे आहे असा वेगळा निष्कर्ष काढण्याची गरज नाही, न्यायाधीशाला विवेकाधिकार असला की पुरे, असे बहुमताने ठरले. ज्याच्या नावाने २०१२ चा निकाल ओळखला जातो, त्या इव्हान मिलरला २०२१ मध्येच अलाबामाच्या न्यायालयाने फेरसुनावणीत पुन्हा पॅरोलविना जन्मठेपच दिली. गुन्ह्याच्या वेळी तो १४ वर्षांचा होता.

पात्रता मिळाली म्हणून दुसरा प्रश्न नीट विचारला जातोच, असेही नाही. मॉन्टगोमेरीच्या सुनावणीकडे बारकाईने पाहावे. लुईझियानाने २०१७ मध्ये कायदा करून अशा कैद्यांना २५ वर्षांनंतर पात्रता दिली. मॉन्टगोमेरीची तर पन्नासहून अधिक वर्षे उलटली होती. लुईझियानातल्या अँगोला तुरुंगात त्याने कैद्यांचा मुष्टियुद्धाचा संघ उभा करायला मदत केली होती, छपाईच्या कामावर तो वर्षानुवर्षे होता. तरी २०१८ मध्ये नकाराच्या कारणांत एक कारण असे दिले गेले की त्याने सुधारणेचे पुरेसे वर्ग केलेले नाहीत. जन्मठेपेच्या कैद्याला बाहेर जायचेच नाही, मग त्याला शिकवायचे कशाला, या विचाराने कित्येक दशके ते वर्ग त्याच्यासाठी खुलेच नव्हते. शिक्षेने जे दार बंद ठेवले, त्यातून तू आत का आला नाहीस, असे त्यालाच विचारण्यात आले. २०१९ मध्ये तिघांपैकी दोन सदस्य सुटकेच्या बाजूचे होते, पण एकमताची अट होती आणि एकाने नकार दिला. बहुमत पुरेसे असते तर तो अडीच वर्षे आधी सुटला असता. कार्यपद्धतीचा एक किरकोळ वाटणारा नियम घटनात्मक हक्कावर कसा मात करतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

कॅलिफोर्नियाने हा धोका ओळखला. २०१४ पासून लागू झालेल्या कायद्याने १८ वर्षांखालच्या गुन्हेगारांसाठी तरुण गुन्हेगारांची स्वतंत्र पॅरोल सुनावणी आणली. मूळ शिक्षेच्या लांबीप्रमाणे ती तुरुंगवासाच्या पंधराव्या, विसाव्या किंवा पंचविसाव्या वर्षी होते. पुढे ही मर्यादा गुन्ह्याच्या वेळच्या २३ आणि नंतर २५ वर्षांच्या वयापर्यंत नेली गेली. तारखांपेक्षा महत्त्वाचा आहे मंडळावर घातलेला दंडक. वयामुळे कमी असलेली दोषपात्रता, त्या वयाची वैशिष्ट्ये आणि नंतर आलेली समज यांना मंडळाने भरीव वजन दिलेच पाहिजे. त्याआधी, २००८ मध्ये, त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की गुन्हा क्रूर होता एवढ्यावरून माणूस आज धोकादायक ठरत नाही. हे सांगावे लागते, कारण तुरुंगातला माणूस बदलू शकतो, त्याचा गुन्हा मात्र कधीच बदलत नाही. मंडळाने गुन्ह्यालाच उत्तर मानले तर दर सुनावणीला तेच उत्तर येणार. त्याच न्यायालयाच्या २०१६ च्या फ्रँकलिन निकालाने आणखी एक व्यावहारिक सोय झाली. आरोपी मुलाचे घर, शाळा, मानसिक स्थिती यांचा पुरावा खटल्याच्या काळातच नोंदवून ठेवण्याची संधी मिळाली. पंचवीस वर्षांनी शिक्षक हयात नसतात, शाळेची दप्तरे सापडत नाहीत, आजी गेलेली असते.

तरीही कॅलिफोर्नियाच्या पद्धतीतला एक दोष नजरेआड करता येत नाही. मंडळ कैद्याकडून आपल्या गुन्ह्याची अंतर्दृष्टी मागते. पंधराव्या वर्षी टोळीत असताना आपण तसे का वागलो, हे चाळिशीत नेमक्या शब्दांत सांगता येणे ही एक वेगळीच कला आहे. ती वाचन, वकील आणि समुपदेशन ज्यांना मिळाले त्यांना साधते. जो कमी बोलतो, शिकलेला नाही किंवा मानसिक आजाराशी झगडतो, त्याची सुधारणा खरी असूनही मंडळापुढे मुकी राहते. वर्तनाची नोंद आणि बोलण्यातली सफाई यांत विरोध आला, तर नोंदीला अग्रक्रम मिळायला हवा.

मृतांच्या कुटुंबांचे म्हणणे इथे बाजूला सारता येणार नाही. चार्ल्स हर्टच्या कुटुंबीयांनी सुटकेला विरोध केला आणि तो त्यांचा हक्क होता. दर काही वर्षांनी त्याच खोलीत जाऊन तेच दुःख पुन्हा मांडावे लागणे ही त्यांना मिळालेली वेगळी शिक्षा आहे. पण त्यांचे नुकसान किती, आणि हा माणूस आज धोकादायक आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर मूळ शिक्षेतल्या किमान वर्षांनी द्यायचे असते. सुनावणीत तेच दुसऱ्याचेही उत्तर बनले, तर बळीचे कुटुंब किती जोरात बोलते यावर कैद्याचे आयुष्य ठरू लागते. ज्याच्या बळीचे कोणीच उरले नाही, त्याला मग सवलत मिळते. हा न्याय नाही.

अनुभव काय सांगतो? फिलाडेल्फियात अल्पवयातील गुन्ह्यासाठी पॅरोलविना जन्मठेप भोगणारे तीनशेहून अधिक कैदी होते, देशातल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. मॉन्टगोमेरी निकालानंतर तिथून सुटलेल्या १७४ जणांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, तोपर्यंत त्यांच्यापैकी दोघे नव्या गुन्ह्यात दोषी ठरले होते. हे बहुतेक लोक सुटताना पन्नाशीच्या आसपासचे, म्हणजे ज्या वयात गुन्हेगारी कुणाचीही ओसरलेली असते त्या वयाचे होते, हे लक्षात घेतले तरी आकडा बोलका आहे. याच शहरातला जो लायगन १९५३ मध्ये, १५ व्या वर्षी आत गेला. २०१७ मध्ये पॅरोल समोर आला असता त्याने तो नाकारला, कारण उरलेले आयुष्य देखरेखीखाली काढणे त्याला मान्य नव्हते. न्यायालयात लढून २०२१ मध्ये, ८३ व्या वर्षी, तो कोणत्याही अटीविना बाहेर पडला.

भारताने १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. त्याच्या ३७ व्या अनुच्छेदात सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप अल्पवयीनांसाठी निषिद्ध आहे. अमेरिकेने तो करार आजही मंजूर केलेला नाही. आपल्या २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम २१ हाच निर्बंध घालते. पण दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर आलेल्या याच कायद्याने १६ ते १८ वयाच्या विधिसंघर्षग्रस्त बालकावर, गुन्हा अतिगंभीर असल्यास, प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची वाट उघडली. असा मुलगा २१ वर्षांचा झाला की कलम २० नुसार त्याच्या सुधारणेचे मूल्यमापन होते. मग अटींवर सुटका, नाहीतर उरलेल्या शिक्षेसाठी कारागृह. कारागृहात गेल्यावर या कायद्यात त्याच्यासाठी पुढची ठरलेली सुनावणी नाही. तो प्रौढ कैद्यांच्या माफीच्या नियमांत मिसळून जातो, आणि जन्मठेप असेल तर चौदा वर्षांनंतरची त्याची फाइल सरकारच्या मर्जीवर फिरते. सुटकेची शक्यता कायद्यात लिहिलेली आहे, ती तपासण्याचा दिवस मात्र कुठेच लिहिलेला नाही.

वयाचा प्रश्न वेळेवर न विचारल्याची किंमत महाराष्ट्रातल्याच एका खटल्याने दाखवली आहे. पुण्यातल्या १९९४ च्या सामूहिक हत्याकांडात फाशी झालेला एक कैदी गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये मान्य केले आणि त्याला सोडले. बालकाला कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता आले असते; तो २८ वर्षांहून अधिक काळ आत होता. राजस्थानातल्या शाळेच्या दप्तरातली जन्मतारीख त्यात निर्णायक ठरली.

बाल न्याय मंडळापुढे प्रकरण येताच परिवीक्षा अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत सामाजिक तपास अहवाल द्यावा, असे आपला कायदा सांगतो. घर कसे, शाळा कधी सुटली, सोबत कोणाची, हे सारे त्यात येते. कॅलिफोर्नियाला जे फ्रँकलिन निकालाने मिळवावे लागले, ते आपल्या कायद्यात पहिल्या पंधरवड्यातच आहे. तो अहवाल कैद्याबरोबर कारागृहात जावा, तिथल्या वर्तनाची नोंद दरवर्षी त्याला जोडली जावी, आणि शिक्षेच्या विसाव्या वर्षाच्या आत एका स्वतंत्र मंडळाने तो वाचून, कैद्याला समोर बसवून, कारणांसह लेखी निर्णय द्यावा. यातले पहिले दोन बदल राज्याला आपल्या नियमांतच करता येण्यासारखे आहेत.