नक्कल पाठ झाली, भूमिका बाकी आहे

पेण असो वा रोहा, गणेशोत्सवासाठी नाटक बसविणाऱ्या हौशी मंडळांत एक सवय हमखास आढळते. संहिता हाती पडताच प्रत्येक जण आपापल्या वाक्यांखाली रेघ ओढतो आणि घरी जाऊन तेवढीच पाठ करतो.

या सवयीमागे इतिहास आहे. नाटक कंपन्यांच्या काळात नटाला संपूर्ण नाटक क्वचितच मिळे. त्याच्या वाट्याची भाषणे आणि त्याआधीच्या भाषणातील अखेरचे शब्द एवढेच कागदावर उतरवून दिले जात. त्यालाच ‘नक्कल’ म्हणत. मात्र कंपनीचे बिऱ्हाड एकत्र असे, तालमी दीर्घकाळ चालत आणि उरलेले नाटक आपोआप कानांवरून जाई. आज नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळच्या दोन तासांत नाटक उभे करावे लागते. नक्कल टिकली, तालीम आटली.

याचा सर्वाधिक फटका बसतो तो कुसुमाग्रजांच्या ‘नटसम्राट’ला. एकपात्री स्पर्धांत आप्पासाहेब बेलवलकरांची स्वगते सुटी काढून म्हटली जातात. आवाज चढतो, टाळीही पडते. पण त्या स्वगतांना वजन येते ते इतरांच्या वाक्यांमुळे. मुलीच्या घरी आलेला चोरीचा आळ आणि कावेरीची साथ ज्याने नीट वाचलेली नाही, त्याच्या तोंडी केवळ शब्दांची आतषबाजी उरते.

धी गोवा हिंदू असोसिएशनने हे नाटक डिसेंबर १९७० मध्ये रंगभूमीवर आणले, तेव्हा वृद्ध आप्पा साकारणारे डॉ. श्रीराम लागू अवघे ४३ वर्षांचे होते. व्यवसायाने ते शल्यविशारद. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘लमाण’ (२००४). लमाण म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून गावोगाव नेणारा. माल नाटककाराचा, नटाने तो वाटेत न सांडता प्रेक्षकांपर्यंत पोहोचवायचा. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही आप्पा केले. संहिता एकच. पेणच्या मूर्तिशाळेत एका साच्यातून निघालेल्या मूर्तीही सारख्याच असतात, डोळ्यांची आखणी होईपर्यंत.

रोह्याशेजारच्या मुरूड-जंजिऱ्यात जन्मलेल्या नाना पाटेकर यांचा आप्पा १ जानेवारी २०१६ रोजी, त्यांच्या पासष्टाव्या वाढदिवशी, पडद्यावर आला. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवावे लागणारे वाक्य कॅमेऱ्यापुढे पुटपुटले तरी चालते. वाचन मात्र तितकेच खोल लागते. त्याआधी कितीतरी वर्षे, विजया मेहता यांनी दिग्दर्शित केलेल्या जयवंत दळवींच्या ‘पुरुष’मध्ये त्यांनी बलात्कारी पुढारी गुलाबराव रंगविला होता. ही भूमिका संहिता वाचण्याचा उत्तम धडा ठरावी. गुलाबराव स्वतःला दुष्ट समजत नाही. तो जे करतो ते आपला हक्कच आहे, असे त्याला मनापासून वाटते. नटाने प्रेक्षकांच्या बाजूने त्याचा निवाडा आधीच करून टाकला, तर उरतो फक्त मिशीला पीळ भरणारा खलनायक, आणि प्रेक्षक निर्धास्तपणे घरी जातो.

म्हणून पहिल्या दोन-तीन तालमी बसूनच, आवाज न लावता कराव्यात. आपल्याविषयी इतर पात्रे काय बोलतात, ते वेगळे टिपून ठेवावे. आपले पात्र कुठे खोटे बोलते, कुठे उत्तर टाळते, तेही पाहावे. एकदा तरी आप्पा करणाऱ्याने कावेरीची वाक्ये वाचावीत आणि कावेरी करणारीने आप्पांची. पाठांतराला त्यानंतर बसावे.