गॉथिक रोमान्सचे पुनरुज्जीवन

एकाकी जुनी वास्तू, तिथे नव्याने आलेली तरुणी, मनात काहीतरी दडवणारा वास्तूचा धनी आणि त्याच्याविषयी तिला एकाच वेळी वाटणारी ओढ नि धास्ती, एवढ्या भांडवलावर चालणारा कादंबरीप्रकार म्हणजे गॉथिक रोमान्स. इंग्रजीत तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मला आणि पुढच्या शतकात मागे पडला. १९६० पासून अमेरिकेतील पेपरबॅकच्या धंद्याने तो पुन्हा उभा केला. एकविसाव्या शतकात त्याची आणखी एक लाट आली. या पुनरागमनांचे श्रेय लेखकांना दिले जाते. संपादक आणि मुखपृष्ठकार यांचा वाटा त्याहून कमी नाही.

पूर्वपीठिका : होरेस वॉल्पोल यांच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ने (१७६४) प्रकाराला नाव दिले, तर अ‍ॅन रॅडक्लिफ यांच्या ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ने (१७९४) भयाला नायिकेच्या नजरेतून पाहायला शिकवले. भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांसाठी लंडनच्या मिनर्व्हा प्रेसने अशा कादंबऱ्यांचा रतीब घातला. जेन ऑस्टिन यांनी ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’त या वाचनवेडाची थट्टा केली. तिथे एक पात्र सात ‘भयानक’ कादंबऱ्यांची यादी देते. ती नावे ऑस्टिन यांनीच रचली असावीत असा समज बराच काळ होता, पण विसाव्या शतकातील अभ्यासकांनी सातही पुस्तके शोधून काढली. आधुनिक साचा मात्र ‘जेन एअर’ (१८४७) आणि डॅफ्नी द्यू मोरिए यांची ‘रिबेका’ (१९३८) यांचा. ‘रिबेका’त कॉर्नवॉलमधील वाड्यावर मेलेल्या पहिल्या बायकोचीच हुकमत चालते आणि दुसरीला शेवटपर्यंत नावही मिळत नाही. हिच्यावरून हिंदीत ‘कोहरा’ (१९६४) हा चित्रपट निघाला.

पेपरबॅकची लाट : न्यूयॉर्कच्या एस बुक्समधील संपादक जेरी ग्रॉस यांची आई ‘रिबेका’ पुन्हा पुन्हा वाचायची आणि असे आता कोणी लिहीत नाही म्हणून कुरकुरायची, असे सांगतात. ग्रॉस यांनी ‘गॉथिक’ हे लेबल लावून मालिका काढली. फिलिस व्हिटनी यांची ‘थंडर हाइट्स’ ही तिच्यातील अगदी आरंभीची. त्याच सुमारास, १९६० साली, व्हिक्टोरिया होल्ट यांची ‘मिस्ट्रेस ऑफ मेलिन’ आली. पुन्हा कॉर्नवॉल, पुन्हा विधुर धनी, आणि त्याच्या मुलीला शिकवायला आलेली नायिका. होल्ट म्हणजे द्यू मोरिएच, अशी कुजबुज झाली. प्रत्यक्षात ते एलिनॉर हिबर्ट यांचे टोपणनाव होते. जीन प्लेडी या नावाने त्या आधीपासूनच ऐतिहासिक कादंबऱ्या लिहीत होत्या.

मुखपृष्ठ तर ठरूनच गेले : रात्रीची वेळ, मागे वाडा, त्याची एकच खिडकी उजळलेली, आणि पुढे झिरझिरीत पोशाखात पळणारी तरुणी. रक्त नाही, हत्यार नाही, पुरुषही बहुधा नाही. औषधांच्या दुकानातील फिरत्या रॅकसमोर उभ्या असलेल्या बाईला आत काय मिळणार हे लांबूनच कळे. मागणी इतकी वाढली की पुरुष लेखकही बायकांची नावे घेऊन कामाला लागले. मायकल अ‍ॅव्हलोन ‘एडविना नून’ झाले, डीन कून्ट्झ ‘डिआना ड्वायर’. कॅनडाचे डॅन रॉस यांनी ‘मॅरिलिन रॉस’ या नावाने ‘डार्क शॅडोज’ (१९६६–७१) या दूरचित्रवाणी मालिकेवर तीसहून अधिक कादंबऱ्या पाडल्या. ‘पाडल्या’ हेच क्रियापद इथे रास्त आहे.

जोआना रस यांनी १९७३ च्या एका निबंधात या पुस्तकांची उलटतपासणी केली. नवऱ्याच्या चेहऱ्यावरची आठी वाचत बसणे, घरातील माणसांच्या मनाचा ठाव घेत राहणे, हे गृहिणीचे रोजचेच काम या कथांत जिवावरच्या साहसाच्या पातळीवर जाते, असा त्यांच्या मांडणीचा गाभा. या प्रकाराविषयी झालेल्या लेखनात याहून नेमके फार थोडे आहे.

ओहोटी १९७२ पासून लागली. एव्हन प्रकाशनाने कॅथलीन वुडीविस यांची ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ थेट पेपरबॅकमध्ये काढली आणि उघड शृंगार असलेल्या जाडजूड ऐतिहासिक रोमान्सने रॅक बळकावला. दाराआडून ऐकू येणाऱ्या पावलांवर समाधान मानणारा वाचकवर्ग विरळ झाला.

नवी लाट : डायान सेटरफिल्ड यांची ‘द थर्टीन्थ टेल’ (२००६) आणि सारा वॉटर्स यांची ‘द लिटल स्ट्रेंजर’ (२००९) यांनी वाडा परत आणला, वॉटर्स यांच्याकडे तर प्रश्न भुतापेक्षा ब्रिटिश वर्गव्यवस्थेचा आहे. २००५ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील व्हॅलनकोर्ट बुक्सने दुर्मीळ गॉथिक पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या काढल्या.

सर्वांत लक्षणीय ठरली सिल्विया मोरेनो-गार्सिया यांची ‘मेक्सिकन गॉथिक’ (२०२०). इदाल्गो राज्यातील रेआल देल मोंते या खाणगावात एकोणिसाव्या शतकात कॉर्नवॉलचे खाणकामगार आले होते आणि तिथे इंग्रजांची दफनभूमी आजही आहे. कादंबरीतील १९५० च्या दशकातील डोंगरगाव त्यावरून सुचलेले. म्हणजे द्यू मोरिए यांचे कॉर्नवॉल इथे वसाहतवादी होऊन आले आहे. खाणमालक डॉइल कुटुंबाची वंशशुद्धीची खुळे हेच वाड्यातले विष. जीन ऱ्हिस यांनी ‘वाइड सारगासो सी’त (१९६६) ‘जेन एअर’मधील माळ्यावर कोंडलेल्या बायकोला कॅरिबियन भूतकाळ देऊन ही वाट आधीच उघडली होती, पण रॅकवरच्या गॉथिकला तेव्हा तिचा पत्ता नव्हता. इसाबेल कॅन्यास यांची ‘द हॅसिएंडा’ (२०२२) स्वातंत्र्ययुद्धानंतरच्या मेक्सिकोत घडते.

‘मेक्सिकन गॉथिक’च्या मुखपृष्ठावरील तरुणी गडद लाल पोशाखात उभी आहे, पळत नाही. पुस्तकाची वर्गवारीही बदलली : २०२१ चा लोकस पुरस्कार तिला भयकादंबरी म्हणून मिळाला.